वाकडं तोंड सरळ करनारी डॉक्टरीन

सोनईच्या बाजारात माझं तोंड वाकडं झालं, तर समदे हसले. रोज नकला करून हसवतो ना मी! हात लुळा पडला तवा कुठं मला नगरला नेलं.

डोक्यातली गुठळी काढनारी डॉक्टरीन लई बारकुशी, बोलता बोलता ओढणीनं चष्मा पुसायची. म्हनली, "बाबा, गुठळी आधी नळीनं ओढून बघितली, निघंना. मग जाळीत धरून काढली."

मी शेतातल्या ठिबकच्या तुंबलेल्या नळ्या साफ करनारा. इचारलं, "यातलं भारी कंचं?"

"ज्यानं रक्ताचा रस्ता लवकर मोकळा होईल, ते. आता दात दाखवा."

उरलेले तिन्ही दावले. सुईत दोरा ओवताना बघावं तसं तिनं बघितलं. "सरळ झालं की, बाबा!" म्हनून हसली, अन् छाती माझीच फुगली, जशी काय गुठळी म्याच काढली.