सारजाबाईंच्या तांब्याचा पोचा

पासलीच्या शाळेला एकच मास्तर होता, आणि गावाच्या मते तो एकही जरा जास्तच होता. कुंडलिक गुरुजी मूळचे आंबवड्याचे. वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं, आणि डोक्यात चित्रकला शिरलेली. १९५५ साली ते पासलीला आले तेव्हा पहिली ते चौथीची मिळून एकोणीस पोरं त्यांच्या वाट्याला आली. चित्रकलेच्या तासाला मास्तरांनी फळ्यावर आंबा काढायचा आणि पोरांनी तो पाटीवर उतरवायचा, असा आजवरचा रिवाज. पोरं फळ्याकडे न बघताच आंबा काढत. झाडावरचा आंबा असा दिसत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण शाळेतला आंबा वेगळा आणि झाडावरचा वेगळा, अशी त्यांनी आपल्यापुरती सोय लावून घेतली होती.

गुरुजींना हे खपेना. वस्तू समोर ठेवायची, नीट बघायची आणि दिसेल तशी काढायची, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं उत्तमच होतं. पण वस्तू आणायची कुठून? फळा सोडला तर शाळेची मालमत्ता म्हणजे एक घंटा आणि एक खुर्ची, आणि खुर्चीवर गुरुजी बसत. मग दर शनिवारी सकाळी ते गावात फिरून भांडी मागू लागले. पहिल्यांदा गेले सारजाबाईंकडे, कारण त्यांचं घर शाळेला लागून होतं. तांब्या कशाला पाहिजे, असं त्यांनी विचारलं.

"बघायला," गुरुजी म्हणाले.

सारजाबाईंनी त्यांच्याकडे थोडा ताप आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं, पण पितळी तांब्या दिला. पुढच्या आठवड्यात बयाबाईंचं पातेलं आलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात बाळाबाईंचं सूप. पाटीवर मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे जेवढं तेवढंच उजवीकडे काढा, असं गुरुजी शिकवत. त्यांना स्वतःला ट्रेनिंगमध्ये तसंच शिकवलं होतं. पासलीतलं एकही भांडं दोन्ही बाजूंनी सारखं नव्हतं, याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. बघा बघा म्हणून दुसऱ्याला सांगणारी माणसं बहुधा स्वतः बघत नाहीत.

चौथ्या शनिवारी गावात भांडंच मिळेना. बयाबाईंचं पातेलं म्हणे कल्हईला गेलेलं, आणि कल्हईवाला तर दिवाळीपासून गावात फिरकला नव्हता. बाळाबाईंचं सूप मोडलं होतं, आणि ते धडधाकट सूप गुरुजींना दारामागे दिसत होतं. शेवटी त्यांनी स्वतःची वहाण खुर्चीवर ठेवली. तिसरीतल्या अंबूने तुटलेला अंगठा आणि त्याला बांधलेली सुतळीसुद्धा हुबेहूब काढली. गुरुजींना ते चित्र गरजेपेक्षा जास्त खरं वाटलं.

शाळा सुटल्यावर ते सारजाबाईंकडे गेले आणि आपलं काय चुकलं म्हणून सरळ विचारलं.

"गुर्जी, तुमाला आई हाय ना?"

"आहे की."

"मंग तिनं येवढंबी शिकवलं न्हाई? लोकाचं भांडं रिकामं परत करत्यात व्हय?"

चिमूटभर साखर, मूठभर तांदूळ, निदान गुळाचा खडा. पासलीत शेजारणीकडून नेलेलं भांडं तसंच्या तसं कुणी परत केलं नव्हतं, आणि गुरुजींनी तीन घरांत लागोपाठ रिकामी भांडी नेऊन ठेवली होती. घरात भांडी ने-आण करायचं काम आजवर आई आणि आत्या करत आल्या. त्यात काय घालतात हे या गृहस्थांनी सव्वीस वर्षांत कधी डोकावून पाहिलं नव्हतं.

गुरुजींना युक्ती सुचली. भांड्यात भांड्याचंच चित्र घालून द्यायचं. सारजाबाईंकडून त्यांनी शेवटचा म्हणून तांब्या मागून आणला आणि जुन्या हजेरीपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर अंबूकडून त्याचं चित्र काढून घेतलं. चित्र झकास झालं होतं, फक्त उजवी बाजू आत गेलेली. गुरुजींनी खोडरबराने ती पुसली, डावीसारखी गोल केली, आणि कागदाची गुंडाळी करून तांब्या नेऊन दिला.

सारजाबाईंनी कागद उभा धरला, आडवा धरला, परत उभा धरला.

"कुनाचा तांब्या ह्यो?"

"तुमचाच."

"माझा न्हाई. माझ्याला पोचा हाय."

पोचा साधासुधा नव्हता. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तो तांब्या त्यांनी नवऱ्याच्या, रायबांच्या, अंगावर फेकला होता. नवरा वाकला आणि तांब्या जात्यावर आदळला. तेव्हापासून रायबांना बाजारातून यायला कधी उशीर झाला नाही. ओट्यावर सुतळी वळत बसलेले रायबा मान न वळवता म्हणाले, "वाकलो म्हनून हाय."

सारजाबाईंनी कागद परत केला. माझा तांब्या आहे तसा काढून आणा, तोवर गावात एकही भांडं मिळायचं नाही, असं त्यांनी बजावलं. आणि ही बाई बोलली की बयाबाई आणि बाळाबाई मान हलवत, हे गुरुजींना एव्हाना कळलं होतं. तांब्या गेला तर शनिवार गेला, आणि परत तो फळ्यावरचा आंबा.

अंबूला पुन्हा चित्र काढायला सांगितलं, तर तिने विचारलं, "म्या पोचा काढला व्हता की. कुनी पुसला?"

"मी."

"का?"

याचं उत्तर ट्रेनिंगच्या वहीत होतं, पण नऊ वर्षांच्या पोरीसमोर ते तोंडातून निघेना. चुकलं, म्हणाले.

तांब्या आता घराबाहेर जाणार नव्हता. मग पुढच्या शनिवारी शाळाच सारजाबाईंच्या अंगणात गेली. मधोमध पाटावर तांब्या ठेवला आणि पोचा दिसेल अशा बाजूला पोरं दाटीने बसली. सारजाबाई पोरांमागून फिरत, पोचा आणखी खाली घे, येवढा न्हाई खोल, अशा सूचना देत होत्या. अधूनमधून रायबांना तहान लागे, मग चित्रकला थांबे. तांब्या परत जागेवर ठेवताना पोचा होता तिकडेच करायला अंबू लावी.

गुरुजीही कागद घेऊन बसले. जागा उरली होती ती पार पलीकडे. मधली रेघ त्यांनी या खेपेला मारली नाही. काढून झालं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्या चित्रात पोचाच नाही. तिथून तो दिसतच नव्हता. एक पोचा काढून दिला असता तर म्हातारी खूश झाली असती आणि शनिवार वाचला असता. पेन्सिल कागदाला टेकलीसुद्धा. मग त्यांनी ती कानावर ठेवून दिली.

सारजाबाई आल्या. अंबूचं चित्र त्यांना पसंत पडलं. गुरुजींचं बघून त्यांचा चेहरा उतरला.

"पुन्यांदा पुसला?"

"नाही, सारजाबाई. इथून दिसत नाही. तुम्हीच बसून बघा."

सारजाबाई गुडघ्यावर हात टेकून गुरुजींच्या जागी बसल्या आणि तांब्याकडे बघत राहिल्या. आत्तापर्यंत त्यांनी तो हजार वेळा घासला, भरला, उपडा घातला होता. लांब बसून नुसता बघितला नव्हता.

"आगं बया," त्या हळूच म्हणाल्या, "हितनं नवाच हाय की."

त्यांनी रायबांना हाक मारली. रायबा सुतळी टाकून आले, बायकोशेजारी बसले आणि बराच वेळ बघत राहिले.

"म्या जनमभर हितंच बसाया पायजे व्हतं," ते म्हणाले.

पोरं इतकी हसली की शेजारच्या घरातून बयाबाई काय झालं म्हणून दारात आल्या. सारजाबाईंनी बसल्या जागेवरूनच त्यांना सांगितलं, "बया, पातेलं दे गुर्जींना. आन आधी बघून घे, कुठनं काढायचं ते."