मांडीवर इंजिन घेऊन बंगळूरला

गणपतीत बंगळूरला जायचं हे मी ठरवलं, असं म्हणणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. मी फक्त रजेचा अर्ज केला. मी बेळगावच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो आणि उरलेल्या वेळात पितळी पत्रा कापून रेल्वेची लहान इंजिनं करतो. घरी त्यांना 'डबडी' म्हणतात. माझे साडू अण्णा बंगळूरला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आहेत. त्यांना असाच नाद इमारतींचा. दोन वर्षं आम्ही काम वाटून घेतलं होतं. इंजिन, डबे आणि मालाच्या वाघिणी माझ्याकडे. रूळ, सिग्नल आणि स्टेशन त्यांच्याकडे. खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर, हे प्रमाण दोघांनी पाळायचं. यंदा त्यांच्या मराठी मंडळाच्या गणपतीपुढे आरास म्हणून ही गाडी धावणार होती.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण दोन वर्षं ते स्टेशन अण्णांच्या हॉलमध्ये आहे आणि अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्याला वळसा घालून चालते आहे. तिने चार पाहुण्यांसमोर जाहीर केलं होतं: गणपतीत गाडी स्टेशनात येऊन उभी राहिली, तर स्टेशन हॉलमध्ये परत येईल. नाही आली, तर मंडळाच्या माळ्यावर जाईल. त्या माळ्यावर उंदीर किती आहेत हे अण्णांना चांगलं माहीत होतं, कारण मंडळाच्या सभेत ती तक्रार त्यांनीच मांडली होती.

इंजिन सामानात टाकायची वस्तू नाही. मी ते मेहुण्याच्या जुन्या व्हायोलिनच्या पेटीत, धोतराच्या चिंध्यांत गुंडाळून, तिसऱ्या वर्गाच्या डब्यात मांडीवर घेऊन बसलो. असं काही न्यायचं असेल त्यांनी पेटी निवडताना विचार करावा. लोंढ्यापर्यंत सगळा डबा माझ्याकडे आदराने बघत होता. हुबळीला समोरच्या गृहस्थांना राहवलं नाही.

"कुणाकडे शिकलात?"

"मी वाजवत नाही."

"मग पेटीत काय?"

"इंजिन आहे. रेल्वेचं."

त्यांनी पाय जवळ घेतले आणि पुढचा सगळा प्रवास शेजाऱ्याशी कानडीत काढला. माझ्या इंजिनाच्या बॉयलरवर किती रिव्हेट आहेत, हे सांगायची संधी त्यामुळे हुकली. ती हुकली याचं मला वाईट वाटलं आणि वाईट वाटलं याची थोडी लाजही वाटली.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. इंजिनाकडे तोंड करून खिडकीत बसू नका; घाटात कोळशाची कच डोळ्यांत जाते आणि लोंढ्याचं जंगल डोळे चोळण्यात संपतं. दुसरं, सकाळी अर्शीकेरेला इडली घ्या. पानाच्या द्रोणात चटणी इतकी ओततात की इडली शोधावी लागते, पण ती सापडल्याचा आनंद मोठा असतो. नवे पैसे अजून कुणाच्या हातात बसलेले नाहीत, तेव्हा सुट्टे मोजत बसलात तर गाडी सुटेल.

बंगळूरच्या स्टेशनाबाहेर जटकावाल्याने राजाजीनगर म्हटल्यावर कपाळाला आठी घातली. वसाहत नवी आहे. रस्ते आधी आले आहेत आणि घरं सवडीने येत आहेत. त्याने तीन वळणं चुकवली आणि प्रत्येक चुकीनंतर घोड्याला बोल लावला.

अण्णांचं घराणं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. मराठी त्यांची घरची, राग आला की कानडी. दारातच म्हणाले, "या माधवराव. स्वल्प चहा घ्या, मग स्टेशन बघा," आणि चहा यायच्या आधीच मला हॉलमध्ये नेलं.

स्टेशन सुंदर होतं, हे मी मत्सर बाजूला ठेवून लिहितो. तुमकूरच्या बाजूचं एक लहानसं स्टेशन त्यांनी निवडलं होतं. त्याच्या विटा मोजायला ते इतक्या रविवारी गेले की तिथल्या स्टेशनमास्तरने त्यांना गुप्तहेर समजून पोलीस बोलावले. कौलं एकेक वेगळी, पाण्याच्या टाकीला गंजाचा ओघळ, बाकाचा एक पाय तुटका. "खरा तुटका आहे," अण्णा म्हणाले. एकच गोष्ट खटकली. खरं स्टेशन सरळ आहे. अण्णांचा फलाट केळ्यासारखा वाकला होता.

"इथे झोपाळा आहे," अण्णा खाली आवाजात म्हणाले. "ती काढू देत नाही."

झोपाळ्यावर बसून अक्का शेंगा सोलत होती. "झोपाळा माझ्या वडिलांनी दिलाय," ती म्हणाली. "स्टेशन कुणी दिलं?"

मी इंजिन रुळांवर ठेवलं. अण्णांनी वीज सोडली. ते निघालं, सिग्नल ओलांडला, फलाटाशी आलं आणि टक्क असा आवाज करून थांबलं. वळणावर लांब इंजिनाचं नाक बाहेर जातं. माझ्या इंजिनाचा सिलिंडर अण्णांच्या फलाटाच्या कडेला जाऊन टेकला होता. मिलिमीटरभर जागा कमी पडत होती.

अण्णांनी कंपास आणला. आधी माझा सिलिंडर मोजला, मग फलाट. दोन्ही अचूक निघाले. इतकं वाईट दुसरं काही निघालं नसतं.

"फलाट जरा कापा," मी म्हणालो.

"सिलिंडर जरा घासा," ते म्हणाले.

"मी तो यार्डात पोटावर पडून मोजलाय."

"मी काय खुर्चीत बसून मोजलं?"

"पण अण्णा, मुळात तुमचं स्टेशनच वाकडं आहे."

त्यांनी कंपास मिटला. मग म्हणाले, "वाकवलंय. कापलं नाही. वाकवणं ही अडचण असते. कापलं की खोटं झालं."

अक्काने शेंगेचं टरफल टोपलीत टाकलं. "माळ्यावर भरपूर जागा आहे. सरळ करता येईल."

दुसऱ्या दिवशी मंडळाचे कार्यवाह बघायला आले. फलाटाचा तंटा त्यांना सांगितला नाही. त्यांनी हात मागे बांधून सगळं पाहिलं आणि म्हणाले, "छान. पण यात बाप्पा कुठे? इंजिन चालवताना दाखवता येतील का? आणि उंदीर कोळसा टाकतोय असं."

"ड्रायव्हर आणि फायरमन सोडून कुणालाही फुटप्लेटवर उभं राहता येत नाही," अण्णा म्हणाले. "नियम आहे."

कार्यवाहांनी माझ्याकडे पाहिलं. मी, एक शिकलेला माणूस, गंभीरपणे म्हणालो, "लेखी परवानगी लागते."

ते गेल्यावर मी विचारात पडलो. त्या गृहस्थांना आम्ही हसलो, पण त्यांना निदान ही आरास कुणासाठी आहे याची आठवण होती. आम्ही दोघं एका मिलिमीटरच्या दोन बाजूंना तोरा धरून बसलो होतो. मी ज्याला काटेकोरपणा म्हणतो तो किती सचोटीचा आणि किती मिरवण्याचा? खरं सांगायचं तर इंजिन स्टेशनात येण्यापेक्षा ते बरोबर आहे असं अण्णांनी म्हणावं, ही माझी इच्छा मोठी होती. आणि इंजिन अडलं तर मी पेटी उचलून बेळगावला जाणार होतो. उंदरांच्या तोंडी त्यांचं स्टेशन जाणार होतं.

अण्णा कारखान्यात गेल्यावर मी कानस घेऊन गच्चीवर बसलो आणि दोन्ही सिलिंडरांचे बाहेरचे गाल घासले. पितळेचा भुगा धोतरावर पडत होता. मनात त्यागाची भावना होती. ती जरा जास्तच होती, कारण अण्णा काय म्हणतील याची वाक्यं मी आधीच रचत होतो.

संध्याकाळी गाडी स्टेशनात आली आणि थांबली. अक्कासुद्धा झोपाळ्यावरून उठली. अण्णा खाली वाकले, इंजिनाकडे तिरप्या नजरेने पाहिलं आणि न बोलता कंपास आणला.

"घासलंत," ते म्हणाले.

"हो."

"आता हे इंजिन चुकलं."

"तुमच्याचसाठी, अण्णा."

"माझ्या स्टेशनात चुकलेलं इंजिन येणार नाही." त्यांनी वीज बंद केली. "एक एक कौल मी मोजून बसवलं ते याच्यासाठी?"

दोन वर्षांत मी इतका अपमानित कधी झालो नव्हतो, आणि ते बरोबर आहेत असंही मला इतकं कधी वाटलं नव्हतं. त्यांच्या जागी मी हेच म्हणालो असतो.

"मग माळा ना?" अक्का म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "मला काय, सांगा म्हणजे हातगाडीवाल्याला कुठे न्यायचं ते कळेल."

अण्णा स्टेशनाकडे बघत उभे राहिले. तुटक्या पायाच्या बाकावर त्यांनी बोट टेकवलं, धूळ नव्हती तरी पुसली. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. धावू दे. मी बघणार नाही."

आणि त्यांनी पाहिलं नाही. पेठेतल्या मंडळाच्या हॉलमध्ये ते सगळे दिवस कळ दाबत बसले, पण खुर्ची गणपतीकडे तोंड करून आणि गाडीकडे पाठ करून. लोकांना ती भक्ती वाटली. कार्यवाहांनी सगळ्यांसमोर त्यांचं उदाहरण दिलं. गर्दी गाडीभोवती दाटली होती. कुणी म्हणालं, खेळणं जपानहून आणलं असेल. कुणी विचारलं, शिट्टी का नाही. सिलिंडरांबद्दल कुणीही काही विचारलं नाही. माझ्या बाजूला एक आजोबा तासभर उभे होते. मी आशेने त्यांच्याकडे सरकलो, तर म्हणाले, "हे स्टेशन वाकडं का हो?" अण्णांच्या मानेची शीर मला मागून दिसली.

विसर्जनानंतर स्टेशन हातगाडीवरून घरी गेलं. अक्काने स्वतः हॉलचं दार धरलं आणि ते आत आल्यावर झोपाळा एका कडीने उंच करून घेतला, म्हणजे स्टेशनाची कड त्याखाली सरकून वाट जरा रुंद होईल. मला निरोप द्यायला अण्णा स्टेशनवर आले. गाडी हलली तेव्हा फलाटाच्या कडेकडे आणि खऱ्या सिलिंडरकडे ते आळीपाळीने बघत होते. तिथे चांगली वीतभर जागा होती. फलाट सरळ होता.

बेळगावला येऊन आता पंधरवडा झाला. प्रवासातून काय उरलं, असं विचाराल तर चटणीची चव उरली, घोड्याला बोल लावणारा जटकावाला उरला आणि आपण भांडणात बरोबर होतो ही खात्री उरली नाही. काल मी पितळेची नळी कापायला घेतली. बायको चहा घेऊन आली.

"आता काय?"

"नवे सिलिंडर. मूळ मापाचे."

"ते लावले तर गाडी अक्काकडच्या स्टेशनात जाईल?"

"नाही."

"मग?"

मी उत्तर शोधलं. अण्णांनी कंपास लावून 'बरोबर' म्हणावं, हे तिला सांगण्यासारखं नव्हतं. चहा निवेपर्यंत दोन्ही गाल मापाला आले.