गुंडाळलेला रेग्युलेटर

हवाई दलातून निवृत्त झालेल्या जगदीश सबनीसांचा लखनौमधल्या एकाही मेकॅनिकवर विश्वास नव्हता. स्कूटरचे बल्ब सारखे उडायला लागले, तेव्हा इंदिरा नगरच्या घरासमोर त्यांनी स्वतःच पुढचं कव्हर उघडलं. व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर जागेवर दिसेना.

“चोरलाच मेल्यांनी!” ते कडाडले.

आत हात घातला, तर रेग्युलेटर जाड कापडात करकचून गुंडाळलेला. हवाच न लागल्याने तापून जळालेला.

“हा घातपात कोणाचा?”

त्यांच्या पत्नीने, अरुणाबाईंनी, कापड निरखलं. “तुमच्याच जुन्या युनिफॉर्मचं आहे. कोणी काढून नेऊ नये म्हणून तुम्हीच बांधलं होतंत.”

जगदीशरावांनी नवा रेग्युलेटर आणून उघडाच बसवला. मग बायकोकडे रोखून बघत विचारलं, “आणि हे मीच बांधल्याचं तुला कोणी सांगितलं?”