भोंग्यातली भांडणं

नाटक मी अमरावतीला शिकले. शिक्षण संपल्यावरही बरीच वर्षं तिथेच राहिले, कारण खऱ्या अभिनेत्रीनं घरी परत जायचं नसतं अशी माझी समजूत होती. घर काही फार लांब नव्हतं. अकोल्यात, मोर्णेच्या पलीकडे, जुन्या शहरात. बाबा हातगाडीवर भाजी विकायचे, आणि भाजी यायची पातूरजवळच्या काकांच्या मळ्यातून. घरात आई, बाबा आणि मी, एवढेच.

आमच्या नाटकाच्या सरांना वऱ्हाडीचा राग होता. आमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो, केळीची केयी होते. सरांनी मला दातांत पेन्सिल धरून ‘काळा कावळा, पिवळी केळी’ म्हणायला लावलं. मी इतक्या मन लावून शिकले की दिवाळीला घरी गेल्यावर बाबांना म्हणाले, “बाबा, केळी आहेत का?” बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “जिभीले काय लागलं वं तुह्या?”

माझी सगळ्यात मोठी भूमिका भिंतीची होती. प्रायोगिक नाटक होतं. एक कुटुंब मोडतं आणि भिंत ते बघते. दिग्दर्शक म्हणायचा, भिंत हेच नाटकातलं खरं मुख्य पात्र आहे. मी करड्या कापडात सगळा वेळ उभी होते आणि आतून खूप काही सोसत होते. बाबा अकोल्याहून एसटीनं आले होते. मांडीवर वांग्यांची पिशवी घेऊन दुसऱ्या रांगेत बसले होते. नाटक संपल्यावर पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, “भिंत चांगली होती. हालली नाही.” मग आम्ही एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो. गाडीत चढताना म्हणाले, “मले वाटलं, शेवटी तरी बोलशील.”

पोटासाठी मी नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात फोन घ्यायचे. तिथेही मी आवाजावर काम करत होते. ‘नमस्कार, आपण कोणाशी बोलू इच्छिता?’ हे मी इतक्या खोल, भरलेल्या आवाजात विचारायचे की एकदा एका व्यापाऱ्यानं आपलं काम राहू दिलं आणि विचारलं, “म्याडम, तुमी ठीक हाय ना?” पुढे माझ्या जागी फोनमध्ये यंत्राचा आवाज बसवला. त्याचा म्हणे कोणाला घोर लागत नव्हता. मग मी थोडे दिवस म्हणून अकोल्याला आले.

त्याच सुमारास बाबांचा घसा बसला. डॉक्टरांनी ओरडणं बंद करायला सांगितलं. भाजीवाल्यानं ओरडायचं नाही म्हणजे करायचं काय? बाबांनी बाजारातून एक भोंगा आणला. तांबडं बटण दाबून बोलायचं, मग तो तेच तेच दिवसभर बोलत राहतो. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला.

“तू नाटक शिकली ना? मंग याच्यात बोल.”

मला ते फार लागलं. पण मी ठरवलं की करायचंच तर नीट करायचं. मी दोन दिवस विचार केला. भाजीवाला कोण असतो? त्याला काय हवं असतं? मग एक मजकूर लिहिला आणि बाबांना वाचून दाखवला. त्यात बटाटे होते, टोमॅटो होते, कोथिंबीर होती. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पन आपल्या गाडीवर याच्यातलं काहीच नसते,” ते म्हणाले. “आपल्याकडे आलू हाय, भेदरं हाय, सांबार हाय.”

“बाबा, ते तेच आहे.”

“तेच हाय तं तेच म्हन ना.”

मी ऐकलं नाही. माझ्या शुद्ध, खालच्या पट्टीतल्या आवाजात, वाक्यांमध्ये पुरेशी शांतता सोडून मी बोलले, “वांगी... आली आहेत. आपल्या दारी... आली आहेत.” बाबा भोंगा लावून निघाले आणि दुपारी जवळजवळ भरलेली गाडी घेऊन परत आले.

“काय झालं?”

“पह्यल्याच गल्लीत एक बाई डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. मले हयू आवाजात इचारलं, कोन गेलं म्हनून.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, कोनी नाही गेलं, वांगे हाय. ते घरात गेली. मंग दुसरी आली.”

आई चुलीपाशी बसून तोंडाला पदर लावून हसत होती. मी रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी उलट टोक गाठलं. जोशात, उत्साहात, प्रत्येक भाजीला ‘आपली सर्वांची लाडकी’ असं म्हणून. त्या दिवशी एका आजोबांनी बाबांना थांबवून विचारलं की निवडणूक कधी आहे आणि तुमचं चिन्ह कोणतं. बाबा म्हणाले, वांगं. आजोबा म्हणाले, बरं, पाहू.

तिसरा प्रयत्न मी गच्चीवर केला. बाबा खाली अंगणात गाडी लावत होते. मी बटण दाबलं, “ताजी भाजी” एवढंच म्हणाले आणि पुढचं वाक्य विसरले. मी आठवत उभी असताना खालून आईचा आवाज सुरू झाला. तिचा आवाज गच्चीवर यायला भोंग्याची गरज नव्हती.

“अवो, ते मेथी काहून तशी ठेवली? सुकून राह्यली ते. पानी मारा तिच्यावर. अन् ते कालची गवार वर कायले मांडली? कालची हाय तं कालची म्हनून सांगा लोकायले. वांगे दाबून पाह्यले का? ते कोपऱ्यातलं वांगं काढा, ते मले पसंत नाही. भेदरं मस्त हाय आजचे. माह्यासाठी अर्धा किलो ठेवा, समदे इकून नका येऊ.”

मी बटण बंद केलं. पुन्हा बोलणार, तोवर बाबा वर आले, उशीर झाला म्हणाले आणि भोंगा घेऊन गेले. आत काय आहे ते मी त्यांना सांगितलंच नाही, कारण मला वाटलं, आपण ते पुसलंय आणि आत कालचंच आहे.

बाबा त्या दिवशी लवकर आले. गाडीत फक्त कोपऱ्यातलं वांगं होतं.

“लोकं गाडीभवती उभे राह्यले,” ते म्हणाले. ते घाबरलेले होते की खूश होते, कळत नव्हतं. “एक बाई म्हने, थांबा भाऊ, ते काय म्हनून राह्यली ते पुरं ऐकू द्या. समद्यायनं भेदरंच मांगितले. एक जन म्हने, अर्धा किलो वहिनीसाठी ठेवले का?”

“मंग ठेवले का?” आईनं विचारलं.

बाबा कोपऱ्यातलं वांगं पुसायला लागले. त्यावरून जे भांडण झालं ते भेदऱ्यांपेक्षा ताजं होतं, आणि मी पहिल्यांदा समजून उमजून बटण दाबलं.

पुढच्या आठवड्यात गल्लीतले दुसरे गाडीवाले आमच्या अंगणात यायला लागले. प्रत्येकाला तसलीच बाई हवी होती. आई म्हणाली, त्यात काय, बोलून देते. पण भोंगा समोर धरला की तिचं काहीतरी व्हायचं. ती पदर सारखा करायची, खाकरायची आणि शाळेत भाषणाला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी म्हणायची, “माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, मी आज आपणास पालक या विषयावर दोन शब्द सांगणार आहे.” पालकवाला हात जोडून निघून गेला.

मग ते माझ्यावर आलं. मी दिवसभर आईच्या मागे हिंडायला लागले. ती वाक्य कुठे तोडते, कुठे श्वास घेते, बाबांचं चुकलं की आधी मेथीला कशी बोलते आणि मग बाबांना. वर्षानुवर्षं मी ज्या आवाजाला दातांत पेन्सिल धरून घालवत होते, तो शिकताना मला पहिले काही दिवस घाम फुटला. ‘केयी’ म्हणायला गेले की जीभ आपोआप मागे वळायची आणि ‘केळी’ यायचं. आई म्हणायची, “सोड ना जिभीले, कायले बांधून ठेवली?”

मी केळीवाल्यासाठी सासू-सून लिहिली. सुनेला केळी पिकलेली हवीत, सासूला कच्ची. झेंडूवाल्यासाठी एक लाजरा नवरा लिहिला, जो बायकोसाठी फुलं घेतो आणि देवासाठी आणली म्हणून सांगतो. सगळे आवाज माझेच. एका खोलीत, खिडकीला गोधड्या लावून, मी एकटीच स्वतःशी भांडायचे. शेजारीण आईला हळूच म्हणाली की पोरीला कोणाला तरी दाखवा. आई म्हणाली, “उद्या सकायी केयीवाला येते, त्याच्याकडे ऐक.”

केळीवाल्याच्या भोंग्यातल्या सुनेला मी एका शनिवारी माहेरी पाठवली. सोमवारी केळीवाला हवालदिल होऊन आला. लोक केळी घेत नव्हते, सून परत आली का ते विचारत होते. एका म्हातारीनं त्याला दमच दिला होता की सून येईपर्यंत या गल्लीत गाडी आणायची नाही. मी त्याला तिथेच बसवून सून परत आणली.

खरी पंचाईत कांदेवाल्यानं केली. तिशीचा, उंच, फार कमी बोलणारा माणूस. त्याच्यासाठी मी एक जोडपं लिहिलं होतं. नवरा कांदे नीट निवडत नाही, बायको त्याला झापते, तो उलट बोलतो. नवऱ्याचा आवाज मी मुद्दाम त्याच्यासारखाच काढला होता आणि मला त्याचा अभिमान होता. महिनाभर छान चाललं. मग एक दिवस तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. आईनं चहा दिला. चहा संपला तरी तो रिकामा कप धरून उभा होता.

“काय झालं भाऊ? भोंगा बिघडला का?” मी विचारलं.

“भोंगा मस्त हाय,” तो म्हणाला. “पन माह्यं लग्न जुयून नाही राह्यलं.”

“त्याले मी काय करू?”

“पोरीकडचे इकडे तपास कराले आले होते. गल्लीतल्या लोकायनं सांगितलं, याले बायको हाय. अन् हा तिच्यासंग नीट वागत नाही.”

बाबा खाटेवर आडवे झाले होते ते उठून बसले. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गोधडी लावलेल्या खोलीत जाऊन बसले. मी एवढ्या नाटकांत रडले, मेले, भिंत झाले, पण माझ्या कामामुळे कोणाचं काही बिघडू शकतं, इतकं ते खरं वाटू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाईट वाटलं आणि आतून, खरं सांगायचं तर, आनंदही झाला. ते मी आईला सांगितलं नाही.

मी जोडपं काढून टाकलं. नवीन मजकुरात एक आत्या आणि एक मावशी कांदे घेता घेता कांदेवाल्याबद्दल बोलतात.

“कांदे चांगले हाय वं.”

“कांदेवाला बी चांगला हाय. एकटाच हाय बिचारा.”

“मंग ते भोंग्यात बोलत होती ते कोन?”

“कोनी नाही बाप्पा, ते नाटक होतं.”

त्या भोंग्यानं कांद्यांचा खप किती वाढवला ते माहीत नाही, पण बायका कांदे घेताना त्याचं शिक्षण, वय आणि घरी किती माणसं आहेत ते विचारू लागल्या. तो अगदी थोडक्यात उत्तरं द्यायचा. पुढच्याच उन्हाळ्यात त्याचं पातूरकडच्या, फुलांचा मळा असलेल्या घरातल्या मुलीशी ठरलं. मुलीचं म्हणणं होतं की भोंग्यातल्या नवऱ्यासारखा बोलला असता तर आपण नाही म्हटलं असतं.

आता माझ्याकडे अमरावतीहूनही गाडीवाले येतात. कोणी विचारलं की मी काय करते, तर अजून मला एका शब्दात सांगता येत नाही. नाटक म्हणावं तर पडदा नाही, आणि प्रेक्षक मधेच पाव किलो मिरची मागतात. पण ऐकायला माणसं आपल्या पायांनी घराबाहेर येतात, पिशवी घेऊन. रंगमंचावर मी माणसांना शोधत होते, एवढं खरं.

कांदेवाल्याच्या लग्नाला आम्ही तिघं गेलो होतो. पंगतीत आमच्या समोर एक गृहस्थ आणि त्यांची बायको बसली होती. गृहस्थांनी बाबांना विचारलं, “पोरगी काय करते तुमची?”

“भांडनं लिहिते,” बाबा म्हणाले. भाजी विकते म्हणावं, इतक्या सहज त्यांनी ते सांगितलं.

“लिहाले काय लागते? आमच्या घरी तोंडीच होतात,” गृहस्थ म्हणाले.

“अवो, तुमी पह्यले बाहीवर वरन सांडलं ते पाहा,” त्यांची बायको म्हणाली. “अन् घरचं काय सांगता लोकायले? घरी तुमी असता कुठी?”

गृहस्थ म्हणाले, “पाहा.”

आईनं मला कोपरानं ढोसलं. मी ताट उचललं आणि त्या बाईच्या शेजारी जाऊन बसले.