हवेचे तीन खोटे आकडे

माझे वडील मोजणीच्या तुकडीत खलाशी होते. खलाशी म्हणजे बोटीवरचे नव्हेत; यंत्रं अंगावर वाहून नेणारे. एका हंगामात त्यांनी मलाही तिथं तात्पुरतं लावून घेतलं. ते बॅरोमीटरची पेटी छातीशी धरून चिखलदऱ्याला चढायचे, मी खाली परतवाड्याच्या तंबूत दुसऱ्या बॅरोमीटरपुढे बसायचो. दर पंधरा मिनिटांनी दोघांनी एकाच वेळी आकडा टिपायचा. हवा दिवसभर हलकी-जड होत असते. खालचा आकडा नसला तर वरच्यावरून उंची काढता येत नाही. तुकडीचे साहेब सांगायचे, हवेच्या ओझ्यानं जमीनसुद्धा केसभर दबते.

"आमच्या ओझ्यानं कदी दबली नाई ते," वडील म्हणायचे.

मी एकोणीस वर्षांचा. खलाशांच्या हालांवर पत्रक लिहीत होतो. एका दुपारी त्यातच इतका रमलो की तीन आकडे हुकले. बाहेर आभाळ भरलेलं, दाब उतरलेला. मी आधीचाच, जड हवेचा आकडा तीनदा लिहून टाकला. हिशेबात डोंगर जुन्या मोजणीपेक्षा चांगला तीस-चाळीस फूट जास्त उंच निघाला.

साहेबांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. मी मॅट्रिक, अक्षर वळणदार, वही स्वच्छ. "पेटी घाटात आदळली असणार. खलाशीच ते!" झाला न्याय. वडिलांची बदली बस्तरच्या रानात. आणि मी, अन्यायाविरुद्ध चार पानं लिहिणारा, गप्प.

मोटारीत चढताना वडिलांनी विचारलं, "कावून रे, घड्याळ बंद पडलं होतं काय?"

"हो बाबा."

"मंग होते असं. जेवत जाय टायमावर."

त्यांना माहीत होतं. सबबसुद्धा त्यांनीच दिली.

पावसाळ्यात ते तिकडेच तापानं गेले. पत्रक अमरावतीत वाटलं, अकोल्यात जठारपेठेत वाटलं. लोक म्हणाले, पोरगं निडर आहे. मग मी कचेरीला सगळं खरं लिहून कळवलं. उत्तर आलं: सदर उंची पुन्हा मोजून दुरुस्त केली आहे. वडिलांबद्दल अवाक्षर नाही.

डोंगराचं मला काय करायचंय! मला ते मोटारीतून उतरलेले हवेत, त्यांनी चारचौघांत माझा कान धरलेला हवा. एक शिवीसुद्धा न देता निघून गेले.