सुभद्राच्या घरातली शाळा

बार्शीटाकळीच्या बाजारात सुभद्राशी घासाघीस करून कोणी भाजी स्वस्तात नेल्याचं ऐकिवात नाही. पण घरी दहा वर्षांच्या वर्षालीपुढं तिचं काही चालत नसे. पोरीला स्वमग्नता आहे, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. वर्षालीचा कायदा सरळ होता: शाळेचं शाळेत, घरचं घरी. घरात वही उघडली की ती कानांवर हात ठेवून अशी किंचाळायची, की शेजारची गंगूबाई पोळी तव्यावर सोडून धावत यायची.

शेवटी सुभद्राच गृहपाठ करू लागली. अक्षर पोरीसारखं वाकडं यावं म्हणून डाव्या हातानं. दोन महिन्यांत चारदा 'छान' शेरा मिळाला. तिच्या स्वतःच्या शाळेत तो एकदाही मिळाला नव्हता.

मग एक दिवस हेडमास्तर उत्तमरावांनी वर्षालीलाच विचारलं, "हे कोनं लिहिलं?"

"आईनं. डाव्या हातानं." खोटं बोलतात कसं, हे पोरीला ठाऊकच नव्हतं.

सुभद्राला बोलावणं आलं. "महिनाअखेरपर्यंत तिनं स्वतः लिहिलं नाही, तर अमरावतीच्या निवासी शाळेत टाका," उत्तमराव म्हणाले.

वर्गशिक्षिका संध्या मॅडम हळूच म्हणाल्या, "ताई, वर्गात ती बेरीज करते. पण ती बेरीज वर्गातच राहते. ती घरी यावी, बाजारात यावी, म्हणून गृहपाठ. एक ओळ पुरे. पण तिची."

अमरावती! जी पोर वाटी बदलली तर उपाशी उठते, तिनं तिथं कोणाच्या हातचं जेवायचं?

सुभद्रानं घरातच शाळा भरवली. रोज संध्याकाळी पाचला परात बडवून घंटा, मग प्रार्थना, मग हजेरी. नवरा गोपालही रांगेत.

"मी काहून?"

"वर्गात एकच पोरगी असते का? गुमान हजर म्हना."

"हजर, मॅडम."

वर्षालीही "हजर" म्हणे, मांडी घालून बसे. वही मात्र काढत नसे.

"लिव ना माय. मलेच मॅडम समज."

"तू आई," वर्षाली म्हणे. संपलं.

सत्तावीस तारखेला सुभद्रा हजेरी सोडून स्वतःच रांगेत जाऊन बसली. गोपालनंच नाव पुकारलं. वर्षाली "हजर" म्हणाली, दप्तरातून वही काढली आणि मांडीवर ठेवली. उघडली नाही. किंचाळलीही नाही. सुभद्रा पदर तोंडात कोंबून बसून राहिली.

तीन दिवस उरले होते. त्यातला एक रविवार. आणि रविवारी शाळा नसते, हे वर्षालीला पक्कं ठाऊक होतं.