वहिनीच्या हातची मोटरसायकल

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराचं जुनं सामान लिलावात निघालं, तेव्हा माझ्या थोरल्या भावाने त्यातली एक मोटरसायकल घेतली. तो फौजेत ड्रायव्हर होता. परत आला तेव्हा डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलेलं होतं. क्लचची दांडी तो उरलेल्या तीन बोटांनी ओढायचा आणि गाडी पहिल्यासारखीच चालवायचा. पण नट धरून ठेवणं, बारीक स्क्रू फिरवणं त्याला जमत नसे. म्हणून ती गाडी दुरुस्त करायला शिकली माझी वहिनी.

आमचं गाव पिंपळगाव राजा या मोठ्या गावापासून दोन कोसांवर. तिथवर रस्ता नव्हताच, काळ्या मातीतली बैलबंडीची चाकोरी आणि मध्ये दोन नाले. पावसाळ्यात चिखल मडगार्डात भरून चाक फिरेनासं व्हायचं. वहिनीने पहिल्याच पावसाळ्यात पुढचं मडगार्ड उतरवून माळ्यावर टाकलं आणि ते तिथेच राहिलं.

वहिनी शाळेत गेलेली नव्हती. दादा फौजेतली इंग्रजी नावं सांगायचा, ती ऐकून घ्यायची आणि आपल्या नावांनी काम करायची. पिस्टन म्हणजे मुसळ, सिलिंडर म्हणजे उखळ. गाडी खोलताना ती अंगणात जुनं धोतर अंथरायची आणि काढलेला प्रत्येक भाग डावीकडून उजवीकडे मांडून त्याच्यापुढे चिंचोके ठेवायची. पहिल्यापुढे एक, दुसऱ्यापुढे दोन. आधी ती ज्वारीचे दाणे ठेवत असे. एकदा चिमण्यांनी ते टिपले आणि अर्धा दिवस अंदाजाने जुळवाजुळव करावी लागली, तेव्हापासून चिंचोके आले. ठिणगीच्या जागी दोन टिकल्यांमध्ये किती फट ठेवायची हे गाडीसोबत आलेल्या पुस्तकात इंचाच्या हजाराव्या भागात दिलं होतं. ते मोजायचं साधन आमच्याकडे कुठून असणार? दादाने प्रयोग करून पाहिलं, तर पोस्टकार्डाची जाडी बरोबर बसली. मी नागपूरच्या कॉलेजातून पाठवलेली कार्डं वाचून झाली की वहिनी आपल्या हत्यारांच्या डब्यात ठेवायची आणि लागेल तशी पट्टी कापून घ्यायची.

गावातल्या बायका तिला पाणवठ्यावर चिडवायच्या. कोणी विचारायची, आज सैपाक केला की मशीनच शिजवली? ती हसून घागर उचलायची. हाताला रॉकेलचा वास होता, तो राखेने घासूनही जात नसे.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. घरात माझ्याआधी कोणी चौथीपुढे शिकलं नव्हतं, त्यामुळे माझ्या शब्दाला नको इतका मान होता. त्या दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा घरात एकच विषय चालू होता. मलकापुरातल्या एका जिनिंग कारखान्याच्या मालकाला कापसाच्या हंगामात गावोगाव भाव कळवायला आणि कापसाचे नमुने आणायला माणूस हवा होता. दादाला त्याने सोमवारी सकाळी गाडीसकट बोलावलं होतं. नाही आला तर दुसरा माणूस बघणार होता. दादाला ती नोकरी किती हवी होती हे आम्हाला माहीत होतं. त्या हाताने वखराची मूठ धरवत नव्हती. गावात कोणी त्याला राखणीचं काम सुचवलं, की तो उठून जायचा.

कॉलेजच्या वाचनालयात मी एका इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं की शर्यतीच्या मोटरसायकलींच्या इंजिनात एरंडेल घालतात. शनिवारी सकाळी दादा शेतात गेला होता. गाडीच्या इंजिनच्या तेलाच्या टाकीत तेल थोडं कमी दिसलं. बंडीच्या आखाला लावायची एरंडेलाची बुधली खुंटीला टांगलेली होती. आपल्या शिक्षणाचा घराला काही उपयोग व्हावा या चांगल्या हेतूने मी ती टाकीत उपडी केली. कुणाला सांगितलं नाही. गाडी जास्त चांगली पळाली की मग सांगणार होतो.

दुपारी दादा गाडी फिरवायला घेऊन गेला आणि संध्याकाळच्या आत बंडीत घालून परत आला. इंजिन तापून, आवळून जाम झालं होतं. त्याने वेळेवर क्लच दाबला म्हणून पडला नाही.

वहिनीने टाकीचं बूच काढलं, तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं. एरंड्या कुटून, उकळून ते तेल घरी तीच काढत असे.

"हे एरंडेल व्हय," ती म्हणाली.

मी सांगून टाकलं. पुस्तकात काय लिहिलं होतं तेही सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"असंल पुस्तकात, भाऊजी. पन तिच्या पोटात आधीचं तेल व्हतं. दोन तेलं एका पोटात कशी नांदतीन?"

दादा ओट्यावर बसला होता. तो आपल्या हाताकडे बघत होता. मग म्हणाला, "कॉलेजात शिकून राह्यला का बे, का गाडीले जुलाब द्याची परीक्षा हाय तुयी?"

वहिनी हसली, आणि मग तोही हसला. मला हसू आलं नाही.

रविवारी उजाडताच धोतर अंथरलं गेलं. मला तिने पिंपळगावला पाठवलं. तिथल्या पिठाच्या गिरणीचे मिस्त्री दादाच्या ओळखीचे होते. त्या वयस्क मुसलमान गृहस्थांनी माझी हकीकत ऐकली, आपल्या ठेवणीतलं इंजिनचं तेल डब्यात भरून दिलं, आणि माझ्या हाती देण्याआधी डबा उघडून मलाच वास घ्यायला लावला.

मी परतलो तेव्हा चिंचोक्यांची रांग तुळशीपर्यंत गेली होती. दोन्ही तेलं मिळून चिकट साका झाला होता. तेलाची जाळी त्याने बुजली होती आणि मुसळावरच्या कड्या खाचांत चिकटून बसल्या होत्या. वहिनीने बांबूची कामटी तासून घेतली होती, कारण लोखंडाने ओरखडा पडला असता. रॉकेलमध्ये भिजवत, कामटीने सोडवत तिने एकेक कडी मोकळी केली. रॉकेल तेव्हा रेशनकार्डावर मिळायचं. महिन्याचं सगळं त्या दिवशी संपलं आणि पुढे कितीतरी दिवस आम्ही उजेड असतानाच जेवून घेतलं.

उखळावरचं झाकण बसवताना मी गाडीचं पुस्तक उघडून वाचू लागलो की नट समोरासमोरचे आवळावेत. बघतो तर ती तसेच आवळत होती. मी विचारलं, हे कोणी सांगितलं? ती म्हणाली, बाज विणताना एकाच अंगानं ओढलं तर बाज वाकडी होते.

फटीची जुनी पट्टी तेलाने मऊ पडली होती. तिने डब्यातून माझं कार्ड काढलं, दिवाळीला येतो असं लिहिलेलं, आणि कात्रीने त्याची कड कापली.

सोमवारी सकाळी दादाने तीनदा लाथ मारली, काही झालं नाही. वहिनीने कान जवळ नेला, तेलाची नळी चाचपली आणि मान डोलावली. चौथ्या लाथेला गाडी सुरू झाली. तो नाल्याकडे वळला तरी ती अंगणातच उभी होती, आवाज ऐकत.

दुपार कलल्यावर तो आला. हँडलला कापसाच्या नमुन्याची पिशवी लटकत होती. आई पिशवीकडे धावली. वहिनी गाडीखाली वाकून तेल गळतं का ते बघत होती.

दादाने ते काम पुढे तीन हंगाम केलं. माझं शेवटचं वर्ष त्याच कामाच्या पगारावर पार पडलं. उन्हाळ्यात बी. ए.चा निकाल लागला, तेव्हा मी नागपूरहून घरी कार्ड टाकलं. नवं, कोरं, चांगल्या अक्षरात. आठ दिवसांनी दादाच्या हातचं उत्तर आलं. घरचा आनंद, आईने देवापुढे ठेवलेली साखर, सगळं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं की आता तुझी वहिनी सांगते तसं लिहितो:

"कार्ड भेटलं. दोनदा वाचून घेतलं. चांगलं जाड हाय. मशिनीले कामी आलं."